सांग तुझ्या आईला

नवराबायकोनं मिळून खुनाचा तपास लावायचा, आणि लावता लावता एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची, असले जुने काळेपांढरे इंग्रजी सिनेमे मला अजूनही पुरणपोळीपेक्षा जास्त आवडतात. दिवाणखान्यात प्रेत पडलेलं असतं, पोलीस घामाघूम होऊन धावत असतात, आणि ही दोघं बाजूच्या खोलीत छत्री कोणी हरवली यावर भांडत असतात. भांडता भांडता त्या छत्रीवरूनच खुनी सापडतो. नवरा जरा आळशी, सुटाबुटातला, निघायचं म्हटलं की पुन्हा बसणारा. ती चौकस, नको तिथे नाक खुपसणारी आणि त्याच्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे. त्याला वस्तू दिसतात, तिला माणसं दिसतात. एकट्याला कधीच काही सुटत नाही. अर्धं त्याच्याकडे असतं, अर्धं तिच्याकडे, आणि दोघांची तोंडं अखंड चालू असल्यामुळे ती दोन अर्धी कधीतरी एकमेकांवर आपटतात. लहानपणी मला वाटायचं, लग्न म्हणजे हेच.

आमच्या घरात हे सिनेमे आले ते तळोज्याहून. माझे वडील, नाना, तिथल्या एका केमिकलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. कारखान्याच्या क्लबात सोळा एमेमचा प्रोजेक्टर होता आणि मोठ्या साहेबांना या असल्या सिनेमांचा नाद होता. प्रोजेक्टर चालवायला नानांशिवाय कोणाला येत नसे. दर शनिवारी संध्याकाळी कारखान्याची बस पनवेलहून आम्हाला घेऊन जायची, साहेबलोक खुर्च्यांवर आणि आम्ही ताडपत्रीवर. इंग्रजी आम्हाला ओ की ठो कळत नसे. मग रविवारी दुपारी जेवताना नाना तोच सिनेमा मराठीत सांगायचे. कैरीचं सार, तांदळाची भाकरी, तव्यावरचा कुरकुरीत जवळा, आणि नानांच्या तोंडून साहेब आणि मडमेचे संवाद. आम्ही त्या जोडप्याला साहेब-मडमच म्हणायचो. साहेबाचा आवाज ते नाकातून काढत आणि मडमेचा थोडा चढवून. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मध्येच शेरा मारायची. पडद्यावर साहेब-मडमच्या दोन वेगळ्या खाटा दिसायच्या, त्यावर तिचा कायमचा आक्षेप होता. एवढा मोठा बंगला, दाराशी मोटार, आणि झोपायला खाटा वेगळ्या, म्हणजे दिवसा एवढं बोलतात ते उगाच नाही, असं ती म्हणायची. नानांचा घास तोंडात तसाच राहायचा आणि ते हसत सुटायचे.

आता माझी नात मला हेच सिनेमे टॅबवर लावून देते. खाली अक्षरं उमटतात, त्यामुळे कोण काय बोललं ते मला प्रथमच कळतं आहे. आणि मला कळून चुकलं आहे की नानांनी आम्हाला राजरोस फसवलं. त्यांचं इंग्रजी मोटरीवरच्या पाटीपुरतं. जिथे पडद्यावरची बाई नुसतं 'हो का?' म्हणते, तिथे नानांची मडम चांगली चार वाक्यं फेकायची, आणि ती चार वाक्यं नवऱ्याची पार दाणादाण उडवायची. ती कुठून आली हे शोधायला मला फार विचार करावा लागला नाही. ती आईची होती. आठवडाभर घरात तिनं जे ऐकवलेलं असे, तेच रविवारी मडमेच्या तोंडी तिला परत मिळायचं. तिला हे तेव्हाच कळलं होतं का, हे विचारायला आता ती नाही.

तर असं हे बोलकं घर एका चैत्रात मुकं झालं. आईला बालवाडीत शिक्षिका व्हायचं होतं. तिनं सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, पाकिटात घातला आणि पोस्टात टाकायला नानांकडे दिला. नानांनी तो प्रोजेक्टरच्या पिशवीत ठेवला, आणि शनिवारचा सिनेमा, रविवारची गोष्ट, सोमवारची पाळी यात विसरले. तीन आठवड्यांनी रिळांच्या डब्याखाली पाकीट जसंच्या तसं सापडलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. आई ओरडली नाही. तिनं पाकीट देवाच्या फळीवर ठेवलं आणि नानांशी बोलणं बंद केलं. अबोला आमच्याकडे नवा नव्हता, पण तो दोन दिवसांत वितळायचा. हा वितळेना. दोघं एकमेकांचं नाव तसंही घेत नसत, 'अहो' आणि 'अगं' यावर संसार चालला होता. आता तेही गेलं आणि त्यांच्या मध्ये मी आले. सांग तुझ्या वडलांना, पाणी तापलंय. सांग तुझ्या आईला, उद्या दुसरी पाळी आहे. दोघं एका खोलीत, चार हातांवर, आणि निरोप माझ्यामार्फत. मी तेरा वर्षांची होते.

हे निरोप फार कोरडे असायचे आणि मला ते सहन होत नसे. म्हणून मी त्यात आपल्या पदरचं घालायला लागले. नाना म्हणाले, शर्टाचं बटण तुटलंय, तर मी आईला सांगायची, नाना म्हणतात तुझ्यासारखं बटण कोणाला लावता येत नाही. आई म्हणाली, सांग त्यांना भात संपलाय, तर मी सांगायची, आई विचारते आहे अजून काय करू तुमच्यासाठी. साहेब-मडम बोलतील तसं मी त्यांना बोलवत होते. दोघंही नुसती माझ्याकडे बघायची. माझी समजूत होती की त्यांना पत्ता लागत नाही.

आमच्या बैठ्या कौलारू घरांच्या रांगेत चार बिऱ्हाडं होती. मध्ये सामायिक अंगण, कडेला विहीर. शेजारच्या मालतीकाकूंच्या लताचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यात तिच्या सासरच्यांनी पुष्कराजाची अंगठी घातली होती, आणि लता पाणी पितानाही ती अंगठी दिसेल असा पेला धरायची. त्या मंगळवारी काकूंच्या ओट्यावर लोणचं घालायचं होतं. सगळ्या बिऱ्हाडांचं लोणचं काकूंच्या हातचं, कारण त्यांच्या हातचं नासत नाही अशी ख्याती. आई, लता, आणखी दोघी बायका, आणि लुडबुड करायला मी. कैऱ्या धुऊन, एकेक पुसून, अडकित्त्यावर फोडायच्या. मोहरीच्या फेसणीनं डोळ्यांतून पाणी, हिंगाच्या वासानं भूक. लताची अंगठी मिठात जायला नको म्हणून काकूंनी ती काढायला लावली आणि आपल्याकडे घेतली. संध्याकाळी सहा बरण्या भरल्या. प्रत्येक बरणीच्या तोंडावर जुन्या धोतराच्या धुतलेल्या तुकड्याचा दादरा बांधला, चारही टोकं वर एकत्र घेऊन सुतळीनं आवळली, आणि सुतळीच्या गाठीवर काकूंनी ओल्या हळदकुंकवाचं बोट ओढलं. त्यांचा नियमच होता. बोट वाळलं की महिनाभर ती गाठ कोणी सोडायची नाही, सोडली तर कुंकू फुटतं आणि लोणचं नासतं. त्यातली एक लहान बरणी आमची. मी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी आणली आणि आईनं फळीवर ठेवली.

बुधवारी संध्याकाळी काकूंच्या घरातून रडणं ऐकू आलं. अंगठी नव्हती. काकूंना पक्कं आठवत होतं की ती त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. किल्ल्या, सुपारी, औषधाची पुडी, त्यांचं सगळं आयुष्य पदराच्या गाठीत असायचं. ते लुगडं बुधवारी सकाळी धुवायला गेलं होतं, आणि दोरीवर वाळलं तेव्हा पदराला गाठ नव्हती. लुगडं धुतलं होतं सुगीनं.

सुगी डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतून यायची. तेव्हा असेल पंचविशीची. तीन बिऱ्हाडांची धुणीभांडी करायची, येताना मोळी आणायची, आणि दिवस असले की माझ्यासाठी पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं. विहिरीवर धुणं आपटताना तिचा हात एका लयीत चालायचा, तो आवाज म्हणजे आमच्या अंगणाचं घड्याळ होतं. काकूंनी तिला ओट्यासमोर उभं केलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पदराला गाठच नव्हती, बाय. मी नाय सोडली." तिचं कोणी ऐकलं नाही. आई मध्ये पडली, शोधा आधी नीट असं म्हणाली, तर काकूंनी तिलाच सुनावलं की एवढा पुळका असेल तर त्या दिवशी तुम्हीही इथेच होतात. काकू एरवी दुष्ट बाई नव्हत्या. पुढच्या आठवड्यात लताची सासू याद्या करायला येणार होती, आणि पहिली नजर तिची लताच्या बोटावर जाणार होती. भ्यालेला माणूस दुसऱ्याला किती भिववतो ते मी तेव्हा पाहिलं.

काकूंनी ठरवलं, रविवारी सकाळी देवरूषी बुवाला बोलवायचं. तो तांदूळ मंतरून देतो. मंगळवारी जी जी बाई ओट्यावर होती तिनं आणि सुगीनं ते चावून पानावर थुंकायचे. खऱ्याचे तांदूळ ओले निघतात, चोराचे कोरडे. सुगीचे कोरडे निघाले की तिला थेट चौकीवर द्यायचं. सुगीच्या भावाला पूर्वी एकदा कोणाच्या तरी कोंबड्यांवरून चौकीवर नेलं होतं. कोंबड्या नंतर मुंगसाच्या बिळापाशी सापडल्या, पण भाऊ परत आला तो एक पाय फरफटत. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारी सुगी कामाला आली तेव्हा विहिरीवरचा आवाज लय सोडून येत होता, आणि आई खिडकीशी उभी राहून ऐकत होती.

नानांना हे सगळं मी सांगितलं, बुधवारी, त्यांच्या जेवणाच्या वेळी. ते साहेबासारखे डोळे मिटून ऐकत राहिले. गुरुवारी दुपारी दुसऱ्या पाळीला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सांग तुझ्या आईला," ते म्हणाले, "मंगळवारी मी निघालो तेव्हा मालतीवहिनींचा पदर कमरेला खोचलेला होता. खांद्यावर होतं ते कैऱ्या पुसायचं पांढरं फडकं. गाठ मारली असेल तर त्या फडक्याला. ते फडकं कुठे गेलं, एवढं विचार म्हणावं."

ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही, म्हणून आता सरळ लिहिते. मी तो निरोप दिला नाही. मी स्वयंपाकघरात गेले, आई वांगी चिरत होती, तिचा चेहरा ओढलेला होता. काकूंनी केलेला अपमान तिच्या डोक्यात घोळत होता. मला वाटलं, आता हिला नानांची ही सिनेमातली हेरगिरी ऐकवली तर ही आणखी चिडेल, म्हणेल अर्ज टाकायची आठवण राहत नाही आणि फडकी बरी आठवतात, आणि अबोला आषाढापर्यंत जाईल. मला अबोला संपवायचा होता. अंगठीचं मोठी माणसं बघून घेतील. म्हणून मी सांगितलं, नाना म्हणाले काल वांगी फार छान झाली होती. आईनं विळीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिरू लागली. बुधवारी आमच्याकडे वांगी नव्हतीच, पडवळ होतं.

नानांना वाटलं, निरोप पोचला आणि बायकोनं नेहमीप्रमाणे केराच्या टोपलीत टाकला. ते पुन्हा काही बोलले नाहीत. आई आपल्या बाजूनं धडपडत राहिली. तिनं शुक्रवारी काकूंच्या ओट्याखालची राख चाळली, विहिरीच्या कडेचं शेवाळ काठीनं उकरलं. शनिवारी ती सुगीला म्हणाली, रविवारी येऊच नकोस, वाडीवर राहा. सुगी म्हणाली, नाय आली तर चोरच ठरन ना, बाय. त्या शनिवारी आम्ही तळोज्याला सिनेमाला गेलो नाही. नाना एकटे गेले. आमच्या फळीवर ती बरणी कुंकवाचं बोट मिरवत बसली होती, आणि मी येताजाता तिच्याकडे पाहून तोंडाला पाणी सुटवून घेत होते.

रविवारी नऊ वाजता बुवा आला. हळद लावलेलं कपाळ, खांद्याला झोळी, आणि बोलणं अगदी हळू. अंगणात पाट मांडला, ताटलीत तांदूळ, शेजारी केळीची पानं. बायका जमल्या. काकूंनी आईला हाक मारली. आई पदर सारखा करून निघाली, इतक्यात आतल्या खोलीतून नाना मला म्हणाले, "सांग तुझ्या आईला, त्या पांढऱ्या फडक्याचं विचारलं होतं का, ते तरी कळू दे."

आई उंबऱ्यात थांबली. महिन्याभरात प्रथमच ती थेट त्यांच्याकडे वळली.

"कसलं फडकं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. त्या दोघांना काय झालं ते एका क्षणात समजलं, पण कोणी मला एक शब्द बोललं नाही. नानांनी भराभर सांगितलं, पदर खोचलेला, खांद्यावर फडकं. आईचे ओठ हलत होते. शेवटच्या बरणीला दादरा कमी पडला होता, ती म्हणाली, तेव्हा लतानं काकूंच्या खांद्यावरचं कोरडं फडकं ओढून घेतलं आणि त्याचाच बांधला. शेवटची बरणी कोणाची? आमची. ती फळीशी गेली. वर आवळलेल्या चार टोकांची जुडी तिनं चिमटीत धरून चाचपली. चौथ्या टोकाशी तिची बोटं थबकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण हा कळसा हातात आला तेव्हा आईचा चेहरा पांढराफटक पडला.

कारण अंगठी आता आमच्या घरात होती. आणि मग ती दोघं भांडली. साहेब-मडमसारखी नाही, दबक्या आवाजात, दात आवळून, समोरासमोर. नाना म्हणाले, गाठ सोडू, अंगठी काढू, गर्दीत काकूंच्या तुळशीपाशी टाकू आणि सापडली म्हणू. बरणी अशीच नेली तर आपल्याला चोर म्हणतील, पोरीचं पुढे लग्न व्हायचंय. आई म्हणाली, तुळशीपाशी सापडली तर सगळे काय म्हणतील? बुवाला भिऊन सुगीनं टाकली म्हणतील. ती जन्मभर चोर राहील आणि आपण शहाणे. नाना म्हणाले, तुला काकूंनी आधीच बोल लावलाय. आई म्हणाली, लावू दे. मग ती म्हणाली,

"एक कागद तुम्ही पिशवीत ठेवलात, तो मी सोसला. हे मी पिशवीत ठेवू देणार नाही."

हे बोलणं फार तर दहा मिनिटं चाललं असेल, आणि तोवर मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले होते, समोर पाटाशी बसलेली सुगी दिसत होती. सिनेमात अशी दहा मिनिटं मला संपू नयेत असं वाटायचं. त्या दिवशी त्या दहा मिनिटांत अंगणात एक आवाज उठला, बायकांचा, एकदम, आणि मग शांत झालं. आईनं बरणी उचलली. नाना तिच्या मागे, मी त्यांच्या मागे.

आम्हाला उशीर झाला होता. लता आणि दुसऱ्या दोघींचं झालं होतं. सुगी पाटासमोर उकिडवी बसली होती. तिच्यापुढच्या पानावर तांदूळ पडले होते, भरडलेले, पांढरे, अगदी कोरडे. बुवा मान हलवत होता. काकूंनी कोणाला तरी चौकीवर पाठवायला पुकारलं होतं आणि तो माणूस सायकल वळवत होता. सुगीची नजर जमिनीवर होती आणि तिचे दोन्ही हात मांड्यांवर पालथे पडले होते, जणू ते तिचे नव्हतेच.

आईनं बरणी काकूंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, गाठ लताची आहे आणि कुंकू तुमचं. दोन्ही नीट बघा आणि तुमच्या हातानं सोडा."

काकू म्हणाल्या, महिन्याआधी सोडली तर लोणचं नासेल. आई म्हणाली, नासू दे. काकूंनी कुंकू निरखलं. ते तडकलेलं नव्हतं. त्यांनी सुतळी ओढली, कुंकवाचा पोपडा गळून पडला, फडक्याची टोकं सुटली आणि एका टोकाला त्यांची स्वतःची, आयुष्यभराची घट्ट गाठ दिसली. ती त्यांना सोडता येईना. लतानं दातांनी सोडली. पुष्कराज तिच्या तळहातावर पडला.

मग रांगेतल्या एकीनं म्हटलंच, म्हणजे चार दिवस तुमच्याच घरात होती म्हणायची. मी डोळे मिटले. तेव्हा नाना पुढे झाले. चारचौघांत बायकोविषयी अवाक्षर न काढणारा हा माणूस, पण तो सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलला.

"हो, आमच्याच घरात होती. अर्धं मला ठाऊक होतं आणि अर्धं हिला. आम्ही महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हतो. बोललो असतो तर गुरुवारीच मिळाली असती. चूक आमची आहे."

एक-दोघी हसल्या. ताण गेला की माणसं हसतात. काकू रडत रडत हसायला लागल्या, लता हसली, सायकलवाल्यानं सायकल पुन्हा भिंतीला टेकवली. काकू आत जाऊन एक बरं लुगडं घेऊन आल्या आणि सुगीपुढे धरलं, झालं गेलं विसरून जा म्हणाल्या. सुगी उठली. तिनं लुगड्याला हात लावला नाही. तिनं बुवाच्या ताटलीतले चिमूटभर तांदूळ उचलले आणि काकूंपुढे हात केला.

"आता तुमी चावा, बाय."

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी आवंढा गिळायचा प्रयत्न केला तो सगळ्यांना दिसला.

"माजा तोंड भ्यानं सुकला व्हता," सुगी म्हणाली. "तुमचा कशानं सुकला?"

तिनं तांदूळ पुन्हा ताटलीत ठेवले, एक दाणाही खाली सांडू न देता, आणि अंगण ओलांडून निघून गेली. पुन्हा ती आमच्या रांगेत कामाला आली नाही. आमच्याकडेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटीच कुठेतरी गेली आणि दुपारी पाय धुळीनं भरून परत आली. नानांनी, मला मध्ये न घालता, तिला विचारलं, पाणी देऊ का. अबोला मोडला होता. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. कोणी मला जाब विचारला नाही. चूक आमची, असं नाना म्हणाले होते, आणि त्या 'आम्ही' मध्ये त्यांनी मला झाकून घेतलं होतं.

पुढे आई बालवाडीत लागली. यावेळी नाना अर्ज हातात घेऊन तिला बरोबर नेऊन पोस्टाच्या पेटीपाशी उभे राहिले. पुढे नानांनी कितीतरी सिनेमे सांगितले. त्यातल्या एकात मडम साहेबाला म्हणते, एक कागद तू लपवलास तो मी सोसला, हे नाही लपवू देणार. परवा तो सिनेमा मी नातीबरोबर अक्षरांसकट पाहिला. त्या जागी ती बाई काहीच बोलत नाही, नुसती हॅट घालते.

मी कळंबोलीला राहायला आले, नोकरी केली, निवृत्त झाले. दर वर्षी मृगाच्या आधी पनवेलच्या बाजारात वाडीवरच्या बायका शेवळं, ती पावसाआधीची रानभाजी, घेऊन बसतात, तेव्हा मी प्रत्येकीचा चेहरा पाहते. यंदा एक म्हातारी दिसली. हात ओळखीचे वाटले. शेवळांच्या जुड्या ती एका लयीत आपटून माती झटकत होती. मी नाव सांगितलं, कोणाची कोण ते सांगितलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि ओळखलं. मी तिथेच खाली बसले. पाय दुखतात, पण बसले. आणि एवढ्या वर्षांनी तो निरोप मी जसाच्या तसा दिला. पदर खोचलेला होता, खांद्यावर फडकं होतं, गुरुवारीच नानांनी सांगितलं होतं, मी आईला सांगितलं नाही.

सुगीनं जुडी खाली ठेवली.

"तुजी आय दुसरे दिशी वाडीवर आलती," ती म्हणाली. "पाया पडाला लागली, मी पडू नाय दिला. बोलली, निरोप पोरीनं दिलता, माजाच ध्यान नवता. माजी चूक हाय."

आई खोटं बोलली होती. निरोप बदलून सांगायची माझी खोड कोणाची, हे मला त्या भर बाजारात, शेवळांच्या उग्र वासात कळलं. मी काही बोलणार, तेवढ्यात सुगीनंच विचारलं. रागानं नाही. भाव विचारावा तसं.

"मी तांदूळ चावीत व्हती तवा तू उंबऱ्यातच उबी व्हतीस ना? मी पायला तुला. मंग का नाय बोल्लीस?"

मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, पाहतच राहिली, आणि मग टोपलीमागून आपली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"पानी पी," ती म्हणाली.